समुद्र लागल्यावर तो पोट्टा कुठी गेला?

मागच्या अंकात मी त्रुफो नावाच्या फ्रेंच डायरेक्टरच्या १९५९ च्या 'द फोर हंड्रेड ब्लोज' या पिच्चरवर लिहिलं होतं. ज्याईच्या हाती तो अंक लागला नाही त्याईच्यासाठी थोडक्यात सांगतो. पॅरिसमधलं तेरा-चौदा वर्षांचं पोरगं, आंत्वान त्याचं नाव, घरात आईले नकोसं झालेलं, शाळेत मास्तरच्या डोळ्यावर आलेलं. सावत्र बापाच्या ऑफिसातून टाइपरायटर उचलते, तो विकल्या जात नाही म्हणून परत ठेवायले जाते अन् नेमकं परत ठेवतानाच सापडते. बाप स्वतः हाताले धरून ठाण्यात नेऊन देते. तिथून सुधारगृह, तिथून एक दिवस फुटबॉल खेळता खेळता कुंपणाखालून पसार, मग नुसतं पळते पळते पळते, समोर समुद्र येते अन् पिच्चर तिथंच थांबते.

मले वाटलं होतं आपल्या इकडं कोण वाचते बाप्पा हे, सोयाबीन काढायचे दिवस. पण पत्रं आली, व्हाट्सॲपवर तर ढीग लागला, एका काकांचा आवाजी मेसेज साडेसात मिनिटांचा आहे अन् त्यातली दोन मिनिटं मागं थ्रेशरच वाजून राह्यला. सगळे घेता येत नाहीत. जे घेतले ते खाली. अन् एक सांगून ठेवतो, मी काही वकील नाही, मास्तर होतो अन् रिटायर झाल्यावर तीन वर्षं बाल न्याय मंडळावर, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या पोरांची प्रकरणं पाहते त्या मंडळावर, सामाजिक कार्यकर्ता म्हणून सदस्य होतो, त्यामुळं पिच्चरची गोष्ट निघाली की माहं बोलणं तिकडं वळतेच.

भाऊ, तुमचं वाचून माह्या पोरानं मोबाईलवर तो पिच्चर शोधून पाह्यला. नववीत आहे. पाहून झाल्यावर मले म्हणे, आई हा पोट्टा माह्यासारखाच आहे. मले रात्रभर झोप नाही. असे पिच्चर पाहून पोरं बिघडत नाहीत का? — एक आई, ता. घाटंजी

ताई, पहिले तर झोपा.

तुमच्या पोरानं पिच्चर पाह्यला अन् तुम्हाले येऊन सांगितलं, हे त्या आंत्वानले एकदाही जमलं नाही. तो शाळा बुडवते तेव्हा रस्त्यावर त्याले आई दिसते, परक्या माणसासोबत. आईनंही त्याले पाह्यलेलं असते. घरी आल्यावर दोघंही चूप. दुसऱ्या दिवशी मास्तर विचारते काल काहून नाही आला, तर हा म्हणते आई मेली. आपण त्याले खोटारडा म्हणतो पण मले तरी दरवेळी असं वाटते का त्या पोराच्या हिशोबानं ते अर्धं खरंच होतं. बरं, त्या नावाचा अर्थही सांगतो, लय जणांनी विचारलं चारशे मार कोणते म्हणून. मारबिर काही नाही, फ्रेंचमधली म्हण आहे ती, आपण म्हणतो ना उंडारून उंडारून गाव डोक्यावर घेतलं, तसं. इंग्रजीवाल्यानं शब्दाले शब्द ठेवला अन् जगभर तसंच चाललं.

पिच्चर पाहून पोरगं बिघडते असं मले नाही वाटत, पण रात्री गोधडीत एकटं पाहून राह्यलं असन तर पुढच्या वेळी तुम्ही बाजूले बसा, वांगे चिरत बसा, तूर निवडत बसा, काहीही. अन् एवढंच विचारा का कोणत्या सीनले तुले माह्यासारखं वाटलं. उत्तर आलं की लगेच 'आम्ही काय कमी केलं तुले' हे सुरू करू नका. मी माह्या पोरासोबत तेच केलं होतं, अजून निस्तरून राह्यलो.

नमस्कार जी. आमची मंडळी झाडीपट्टीतली, दिवाळीनंतरच्या मंडईसाठी, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेसाठी, नवं नाटक बसवून राह्यलो, विषय सुधारगृहातला पोरगा. कोर्टाचा सीन लय जबरदस्त लिहिला आहे, पोरगा कटघऱ्यात, हातात बेड्या, दोन्हीकडं पोलीस. तुम्ही मंडळावर होते असं वाचलं. काही चुकत असन तर सांगा. — एक नाट्यकर्मी, ता. आरमोरी

सगळंच चुकून राह्यलं जी. रागावू नका.

बाल न्याय मंडळ म्हणजे कोर्ट नाही. म्हणजे एक न्यायाधीश असते, प्रथम वर्ग दंडाधिकारी दर्जाचा, अन् सोबत दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली एक तरी बाई पाहिजे. पण कटघरा नाही. २०१६ च्या नियमांत साफ लिहिलं आहे का मंडळानं कोर्टाच्या किंवा तुरुंगाच्या आवारात बसायचं नाही, निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी होईपर्यंत पोरांना ठेवतात तिथं, नाहीतर त्याच्या जवळपास बसायचं, सदस्यांनी उंच ओट्यावर बसायचं नाही, मधात गज नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही. आम्ही एका टेबलाभोवती बसायचो, पोरगं समोर खुर्चीवर, माय-बाप बाजूले. बेड्या तर नाहीच. पोलीस येईन तर साध्या कपड्यात येईन, वर्दी घालून नाही. लॉकअप नाही, जेल नाही, पकडल्यापासून चोवीस तासांच्या आत मंडळापुढं आणायचं, त्यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत. अन् तुमच्या न्यायाधीशाच्या तोंडी जो 'आरोपी' शब्द आहे तो पण काढा, कागदावर 'विधीसंघर्षग्रस्त बालक' लिहितात. एवढा मोठा शब्द का गावातल्या बापाले वाटते पोराले काही बिमारीच झाली. पण पोराले 'आरोपी'ची घाण लागू नये म्हणूनच तो शब्द केला.

आता तुम्ही म्हणसान कटघरा नाही, बेड्या नाही, वर्दी नाही, मंग पब्लिक रातभर बसन कशी? मले तर उलट वाटते. मले आठवते ते हेच का पंख्याखाली खुर्चीवर एक पोरगं बसलेलं, पाय जमिनीले टेकत नाहीत, अन् ते काही केल्या आमच्याकडं पाहत नाही, पंख्याकडं पाहते. परिविक्षा अधिकारी, म्हणजे आपण ज्याले प्रोबेशन ऑफिसर म्हणतो, ती बाई घरी जाऊन आलेली असते, तिचा अहवाल वाचून दाखवते का घर कुडाचं आहे, बाप सालदार, माय निंदाले जाते, पोरगं आठवीतून सुटलं. बाप दाराशी उभा, कारण खुर्ची दिली तरी त्याले बसायची हिंमत होत नाही. पहाटेची एस्टी पकडून आलेला, मजुरी बुडाली, अन् तारीख पुढची मिळाली. ह्या बापाले दोन वाक्यं द्या. जास्त नका देऊ.

अन् मार दाखवायचाच असन तर दे सिका नावाच्या इटालियन डायरेक्टरचा पिच्चर आहे १९४६ चा, 'शूशाइन', त्यातला सीन डोक्यात ठेवा. रोममध्ये अमेरिकन सोजिरांचे बूट पॉलिश करणारे दोन दोस्त, पैसे जमवून घोडा घेतात, खरंच घोडा घेतात, अन् मग चोरीच्या कांबळ्यांच्या भानगडीत अडकून पोरांच्या जेलात जातात. तिथं एकाले बोलतं करायचं असते. तर पोलीस काय करतात, बाजूच्या खोलीत पोत्यावर पट्टे मारतात अन् दुसरंच पोरगं ओरडते. ह्याले वाटते माह्या दोस्ताले मारून राह्यले, हा सगळं सांगून टाकते. मार कोणालेच बसला नाही, पण दोस्ती मेली. ऑस्करवाल्यांनी या पिच्चरले विशेष पुरस्कार दिला होता. तुमच्या स्टेजवर तर हे एकदम सोपं आहे जी, एक पडदा, एक पोतं.

बाकी गाणी, कॉमेडी, लावणी हे तुमचं तुम्ही पाहा, त्यात मले काय कळते. फक्त त्या कॉमेडीवाल्याले सुधारगृहाचा शिपाई करू नका, दरवर्षी तोच शिपाई.

सर, हे सगळं कौतुक ठीक आहे, पण सतरा वर्षांचा पोट्टा खून करते अन् तीन वर्षांत घरी येऊन मिशीले ताव देते, हा कोणता कायदा? — एक सेवानिवृत्त वाचक, ता. दर्यापूर

साहेब, तुम्ही म्हणता तसं सरसकट आधी होतं. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर देशभर हाच सवाल उठला अन् २०१५ चा नवीन बाल न्याय कायदा आला, १५ जानेवारी २०१६ पासून लागू. आता सोळा ते अठरा वयाच्या पोरानं असा गुन्हा केला का ज्याले कमीत कमी सात वर्षांची सजा आहे, तर मंडळ पहिले तपासते का त्याले समज होती का, परिणाम माहीत होते का, परिस्थिती काय होती. मग वाटलं तर प्रकरण बाल न्यायालयात जाते, ते मंडळापेक्षा वेगळं, खरंखुरं कोर्ट, अन् मोठ्या माणसासारखा खटला चालू शकते. एकवीस वर्षांचा होईपर्यंत वेगळ्या सुरक्षित ठिकाणी ठेवतात, मग पाहतात सुधारला का नाही, नाही सुधारला तर उरलेली सजा जेलात. फाशी मात्र नाही, अन् सुटायची आशाच नाही अशी जन्मठेपही नाही. तीन वर्षांची मर्यादा आहे ती बाकीच्यांसाठी.

आता माहं मत. तुमच्या डोक्यात जो मिशीवाला आहे तो मले तीन वर्षांत क्वचित दिसला. जे रोज दिसले ते मोबाईल, मोटारसायकल, वावरातली केबल, पोळ्याच्या दिवशीची मारामारी, अन् पोरीसोबत पळून गेलेले. मिशी फुटायची होती अजून.

आपल्याकडं असे पिच्चर बनत नाहीत का? नेहमी फॉरेनचेच काहून सांगता? — बी.ए.चा विद्यार्थी, ता. आर्वी

बनले ना. पोरांचा नाही पण कैद्यांच्या सुधारण्याचा सगळ्यात मोठा पिच्चर आपल्या मराठी माणसानंच काढला, व्ही. शांताराम, 'दो आँखें बारह हाथ', १९५७. सहा खुनी अन् एक जेलर, पडीक जमिनीवर शेती. गोष्ट गदिमांची, अन् त्याच्या मागं औंध संस्थानातला खराखुरा प्रयोग, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची उघडी वसाहत, ती आजही आहे. बर्लिनच्या महोत्सवात बक्षीस मिळालं, अन् त्यातली प्रार्थना तू पण शाळेत परिपाठाले म्हटली असशील, पिच्चरमधली आहे हे माहीत नसन. भाजी बाजारात विकायले नेतात तो भाग नीट पाहा. स्वस्त विकतात म्हणून दलाल उठतात. आपल्या इकडल्या माणसाले तो सीन वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

गंमत म्हणजे नॉर्वेचा एक पिच्चर आहे २०१० चा, 'किंग ऑफ डेव्हिल्स आयलंड', बास्तोय नावाच्या बेटावरच्या पोरांच्या सुधारगृहाचा. पोरांना नाव नाही, नंबर. १९१५ साली तिथं खरोखर बंड झालं होतं, सैन्य पाठवावं लागलं. अन् आज त्याच बेटावर उघडा तुरुंग आहे, कैदी शेती करतात, ढोरं सांभाळतात. म्हणजे शेवटी तेही आटपाडीलेच आले.

भाऊ, नाव-गाव छापू नका. माहा भाचा सतराचा आहे, दोन दोस्तांसोबत वावरातली पाण्याची मोटार चोरताना सापडला. दोस्त पण त्याच्याच वयाचे. निरीक्षणगृहात अकरा दिवस होता, मग जमानत झाली. आता घरी आहे. पण कोणीतरी त्याचा फोटो मोटारीसोबत गावच्या ग्रुपवर टाकला, आता तो बाहेर निघत नाही. त्याले पोलीस भरती करायची होती, रोज पहाटे पळायले जायचा, ते पण बंद. बहीण रडते. आता याचं काही होऊ शकते का? — एक मामा

मामा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. हे बाकीच्यांपेक्षा लांब लिहितो, चालन ना.

पहिले कायद्याचं. साधी चोरी म्हणजे तीन वर्षांपर्यंतची सजा, ती बाल न्याय कायद्यात किरकोळ गुन्ह्यात येते. मंडळानं चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने अजून. किरकोळ गुन्ह्यात वाढवलेल्या मुदतीतही संपली नाही तर प्रकरण बंदच होते. चोरी शाबीत झाली तरी मंडळ समज देऊन सोडू शकते, समुपदेशनाले पाठवू शकते, गावात काहीतरी समाजसेवा करायले लावू शकते, माय-बापाच्या किंवा चांगल्या माणसाच्या देखरेखीखाली सोडू शकते. तो चांगला माणूस तुम्ही होऊ शकता, प्रोबेशन ऑफिसरले तसं सांगा. वकील परवडत नसन तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, लेकराले वकील फुकट मिळते, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

आता फोटोचं. या कायद्याचं कलम ७४ आहे. अशा प्रकरणातल्या पोराचं नाव, फोटो, शाळा, पत्ता, ज्याच्यावरून तो ओळखू येईन असं काहीही कोणी छापू शकत नाही, अन् नुसतं पेपरवाल्याले नाही, संपर्काचं कोणतंही साधन त्यात येते. सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. व्हाट्सॲपच्या ग्रुपवाल्याले हे माहीत नसते, तो समजते मी गावाची सेवा करून राह्यलो. तुम्ही भांडायले नका जाऊ. पोलीस पाटलाले सोबत घ्या अन् ग्रुपच्या ॲडमिनले एवढं कलम वाचून दाखवा. फोटो निघन. जो पसरला तो पसरला, ते खोटं कशाले सांगू.

भरतीचं. त्याच कलम ७४ मध्ये आहे का प्रकरण चालू असो, बंद झालेलं असो का निकाली निघालेलं असो, चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी त्या पोराचा रेकॉर्ड सांगायचा नाही. अन् कलम २४ म्हणते दोष शाबीत झाला तरी त्याच्यामुळं पोराले कोणतीही अपात्रता लागत नाही, कागदपत्रं पण पुढं नष्ट करायची असतात. याले अपवाद एकच, सोळाच्या वरच्या पोराले बाल न्यायालयानं मोठ्यासारखं चालवून दोषी धरलं तर. मोटारचोरीत तो प्रश्न येत नाही. २०१९ मध्ये असंच एक निमलष्करी भरतीचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं, लहानपणीच्या केसवरून पोराले नाकारलं होतं, कोर्टानं पोराच्या बाजूनं निकाल दिला. तरी भरतीचा फॉर्म भरताना जिथं 'कधी गुन्हा दाखल होता का' असा रकाना आहे तिथं स्वतःच्या मनानं काही लिहू नका, विधी सेवावाल्या वकिलाले तो फॉर्म दाखवा, मग भरा.

हे झालं कागदाचं. आता जे तुम्ही विचारलं नाही पण पत्रात आहे.

मी सुधारगृहाचे जितके पिच्चर पाह्यले त्यात एक सीन सगळे उडवतात, परत येण्याचा. आत जाणं दाखवतात, आतला जुलूम दाखवतात, दोस्ती, पळणं, पाठलाग, कुणाचं तरी मरण. फाटक उघडते अन् पाटी पडते. अन् मी जे पाह्यलं त्यात आतले दिवस पोरं कशीतरी काढतात, सकाळी उठवतात, पीटी, वरण-भात, टीव्ही, कॅरम, रडणं पण रात्रीच. खरं अवघड सुरू होते ते एस्टीतून आपल्या फाट्यावर उतरल्यावर. फाट्यापासून घरापर्यंतचा रस्ता. पानठेल्यावर चार जण बसलेले असतात अन् चूप होतात. किराणावाला पोरगं दुकानात आलं का गल्ल्यावर हात ठेवते, त्याले स्वतःले पण माहीत नसते. कोणाच्या वावरात डिझेल गेलं का पहिले याच्या घरी चौकशी. एक पोरगं मले सांगे, सर आतमध्ये कमीत कमी सगळेच चोर होते.

त्रुफोची गोष्ट मी मागच्या वेळी अर्धी सांगितली होती, उरलेली सांगतो. टाइपरायटर त्यानं स्वतःच चोरला होता, बापाच्या ऑफिसातून, पिच्चर दाखवायचा क्लब चालवायले पैसे नव्हते म्हणून. बापानंच पोलिसात दिलं. पोरांच्या सुधारगृहात काही महिने काढले. त्याले तिथून सोडवायले जो धडपडला तो नातेवाईक नव्हता, आंद्रे बाझँ नावाचा सिनेमावर लिहिणारा माणूस होता. नुसता सोडवला नाही, पुढं घरी ठेवलं, काम लावून दिलं, लिहितं केलं. अन् नशीब पाहा, ज्या दिवशी या पिच्चरचं शूटिंग सुरू झालं, नोव्हेंबर १९५८, त्याच रात्री बाझँ गेला, चाळीसचा होता. पिच्चर त्याले अर्पण केला आहे. पुढच्या वर्षी कानच्या महोत्सवात त्रुफोले उत्तम दिग्दर्शकाचं बक्षीस, सत्तावीसचा पोरगा.

त्याच्या उलटं पण एक सांगतो म्हणजे तुम्हाले वाटणार नाही का मी नुसतं गोड गोड सांगून राह्यलो. मीरा नायरचा 'सलाम बॉम्बे', १९८८. त्यात गावाकडून आलेलं पोरगं घरी परत जायले पाचशे रुपये जमवत असते, मधात पोलीस उचलून बालगृहात टाकतात. ते काम खऱ्या रस्त्यावरच्या पोरानं केलं होतं, त्याले राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पिच्चर ऑस्करपर्यंत गेला. अन् तो पोरगा पुढं बेंगळुरूत ऑटो चालवे. ऑटो चालवणं काही वाईट नाही, माहा पुतण्या चालवते. पण टाळ्या वाजवणारे सगळे घरी गेल्यावर त्याच्यापाशी कोण होतं, हे मले नेहमी वाटते.

म्हणून मामा, भाच्याले समजावून सांगत बसू नका का जे झालं ते विसर. तो विसरणार नाही, गाव तर नाहीच नाही. उद्या पहाटे तुम्ही उठा. बूट नसन तर चपला घाला. त्याच्यासोबत डांबरी रोडनं फाट्यापर्यंत जा, तो पळन, तुम्ही चाला, लोकाईले दिसू द्या. पानठेल्यावर थांबा अन् दोघांचा चहा सांगा. पहिले आठ दिवस लय जड जाईन, तुम्हालेच जास्त. माह्या माहितीतल्या एका पोराच्या आज्यानं हे केलं होतं, नातवाले सोबत घेऊन रोज देवळापर्यंत जाय, काही बोले नाही, नुसता खांद्यावर हात. म्हातारा गावात वजनदार होता असंही नाही, कोतवाल होता साधा. आता तो नातू तिथंच मोटारी भरून देते, वाइंडिंगचं दुकान आहे. ज्याच्या वावरातून चोरली होती तो पण तिथंच आणते.

मोटार ज्याची होती त्याच्याकडंही एकदा जावं लागन. लगेच नका जाऊ. कापूस घरी येऊ द्या, माणसाचा मूड बरा असते तेव्हा.

सर, मी सातवीत आहे. आमच्या सरांनी तो पिच्चर शाळेच्या टीव्हीवर दाखवला. शेवटी तो पोरगा समुद्रापाशी येते आणि पिच्चर बंद होते. आम्हाले वाटलं लाईन गेली. मग त्याच्या समोर समुद्र आला तर तो आता कुठं जाईन? त्याले पोहता येते का? आमच्या गावाजवळ अरुणावती नदी आहे पण आम्हाले जाऊ देत नाहीत. — जि. प. शाळेचा विद्यार्थी, ता. आर्णी

बेटा, लाईन गेली असं वाटणारा तू पहिला नाही, मी पण पहिल्यांदा पाह्यला तेव्हा उठून व्हीसीआरची पिन हलवून पाह्यली होती. अन् समुद्र मी स्वतः चौतीसाव्या वर्षी पाह्यला, त्यामुळं तुमच्या सरांनी दाखवला हे चांगलं केलं.

पोहता येते का ते पिच्चरमध्ये सांगितलं नाही. तो पाण्यात फार आत गेलाच नाही, नीट आठव, बुटासकट थोडे पाय भिजले अन् मागं वळला. मागं वळून तुमच्याकडं पाह्यलं अन् तिथं फोटोसारखं सगळं थांबलं. समुद्र हे पळायचं ठिकाण नाही, तिथं रस्ता संपते, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं असन.

पुढं काय झालं ते मात्र मले माहीत आहे, कारण त्रुफोनं तोच नट घेऊन त्याच पोराचे अजून चार पिच्चर काढले, एक छोटा अन् तीन मोठे, शेवटचा १९७९ चा. तो नट खराच मोठा होत गेला अन् पिच्चरमधला आंत्वान पण. १९६२ च्या छोट्या पिच्चरमध्ये तो सतरा वर्षांचा आहे, एकटा खोली करून राहते, गाण्याच्या रेकॉर्ड बनवणाऱ्या कंपनीत कामाले जाते, अन् संध्याकाळी गाण्याच्या कार्यक्रमाले जाऊन एका पोरीच्या मागं मागं करते, ती काही त्याले भाव देत नाही. पुढं लग्न होते, लेकरू होते, लग्न मोडते, पुस्तक लिहिते. खोटं बोलायची सवय थोडी राहतेच. चोरी मात्र कुठं केलेली मले आठवत नाही.

नदीचं म्हणशील तर पावसाळ्यात जाऊ नको, गढूळ पाण्यात खड्डा दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं का बापाले नाहीतर काकाले घेऊन जाय, पहिले भोपळा बांधून शिक.